स्टेलॅरियम: टर्टुलियन आणि युसेबियस यांचे शकुन आकाशाशी ताडून पाहताना

स्टेलॅरियम हे मोफत तारांगण-सॉफ्टवेअर आकाशप्रेमींना नवे नाही. फाबियें शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली त्याचे काम हाती घेतले आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, आणि आज रात्री गच्चीवरून शनी कोणत्या दिशेला दिसेल हे शाळकरी मुलालाही ते सहज दाखवते. या नेहमीच्या वापराविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने मी येथे त्यात शिरणार नाही. मी ते गेले काही महिने एकाच कामासाठी वापरले. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार शतकांतल्या लेखकांनी ज्या आकाशातल्या चिन्हांवरून राजांचे, सुभेदारांचे आणि नगरांचे भवितव्य सांगितले, ती चिन्हे त्या दिवशी त्या ठिकाणी खरोखर दिसण्याजोगी होती का, हे मूळ मजकूर शेजारी ठेवून पाहणे, एवढेच ते काम होते. माझे मत आधीच सांगतो. आकाशात काय होते या प्रश्नाला या सॉफ्टवेअरइतके चांगले फुकट उत्तर दुसरीकडे मिळत नाही. त्या दृश्याचा अर्थ काय, या प्रश्नावर ते गप्प बसते, आणि ती गप्प जागा आपल्या मनाप्रमाणे भरण्याचा मोह वापरणाऱ्याला होतो. शकुन लिहून ठेवणाऱ्या जुन्या लेखकांनाही तो मोह आवरला नव्हता.

प्रथम काही तांत्रिक गोष्टी, कारण त्या न सांभाळल्यास पुढचे सारे निष्कर्ष चुकतात. सॉफ्टवेअरमध्ये वर्षांची मोजणी खगोलशास्त्रीय पद्धतीने होते, म्हणजे इ.स. १ च्या आधी शून्य हे वर्ष येते. त्यामुळे इ.स.पू. ७ पाहायचे असेल तर वर्षाच्या रकान्यात उणे ६ घालावे लागतात, आणि इ.स.पू. ४ साठी उणे ३. ख्रिस्तजन्माच्या वेळी दिसल्याचे सांगितल्या जाणाऱ्या बेथलेहेमच्या ताऱ्यावर हौसेने लिहिणाऱ्यांच्या निष्कर्षात कधीकधी जो एका वर्षाचा घोळ दिसतो, त्याचे मूळ बहुधा याच रकान्यात असते. १५८२ च्या आधीच्या तारखा सॉफ्टवेअर ज्युलियन पंचांगानुसार घेते आणि इतिहासाच्या पुस्तकांतही त्या तशाच असतात, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. वेळेसाठी मात्र आजचे प्रमाणवेळेचे पट्टे सोडून स्थानिक माध्य सौर वेळ निवडावी. पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे शतकानुशतके मंदावत आले आहे, आणि त्यामुळे इ.स. २०० च्या सुमाराच्या ग्रहणांसाठी दोन तासांहून अधिक दुरुस्ती करावी लागते. या दुरुस्तीची वेगवेगळी सूत्रे सेटिंगमध्ये निवडता येतात. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा एखाद्या गावावरून गेला की शेजारून, हे अशा ठिकाणी सूत्रावर अवलंबून राहते, म्हणून एकच सूत्र वापरून मिनिटांच्या हिशेबात निर्णय देऊ नये.

आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. सुरुवातीला क्षितिजावर जे दृश्य दिसते ते फ्रान्समधल्या एका खेड्याचे आहे आणि ठिकाण बदलले तरी ते बदलत नाही. यहूदीयाचा राजा हेरोद याच्या यरुशलेमेवर ग्रहण लागते तेव्हा खाली फ्रेंच कुरण आणि झाडे दिसत राहतात. जी ही कळ दाबली की जमीन नाहीशी होते, आणि ए दाबली की वातावरण. मग दिवसाही तारे दिसतात. या दुसऱ्या कळेचा पुढे उल्लेख येईल.

माझ्या दृष्टीने या सॉफ्टवेअरची सर्वांत चांगली परीक्षा बेथलेहेमच्या ताऱ्याने होत नाही. ती टर्टुलियनच्या एका छोट्या पत्राने होते. कार्थेजचा हा लढाऊ ख्रिस्ती लेखक आफ्रिका प्रांताचा रोमन सुभेदार स्कापुला याला उद्देशून लिहितो. स्कापुलाने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला होता. टर्टुलियन म्हणतो की आम्ही तुला धमकावत नाही, आणि लगेच ईश्वरी कोपाच्या खुणा सांगू लागतो: पिकांची नासाडी करणारा पाऊस, कार्थेजच्या तटांवर रात्रभर लोंबकळणाऱ्या ज्वाळा, मेघगर्जना, आणि उटिका नगरात सूर्याचा प्रकाश जवळजवळ विझून जाणे. हे नेहमीचे ग्रहण असूच शकत नव्हते, कारण सूर्य तेव्हा आपल्या उच्चस्थानी आणि स्वगृही होता, असा त्याचा युक्तिवाद आहे; आणि विश्वास बसत नसेल तर तुमच्याकडे ज्योतिषी आहेतच, त्यांना विचारा, असे तो सुभेदाराला सुनावतो.

हा भाग वाचताना मराठी वाचक जागीच थबकेल, कारण उच्च आणि स्वगृह हे शब्द त्याने घरच्या पत्रिकेत पाहिलेले असतात. ग्रीक ज्योतिषातली हीच चौकट आपल्याकडेही आहे: सूर्य मेषेत उच्चीचा आणि सिंहेत स्वगृही. आता स्टेलॅरियम उघडावे. उटिका आज ट्युनिशियातले केवळ अवशेषांचे ठिकाण आहे, म्हणून अक्षांश-रेखांश हाताने भरावेत: सुमारे ३७ अंश उत्तर आणि १० अंश पूर्व. तारीख १४ ऑगस्ट २१२ घालावी. त्या दिवशी सूर्यग्रहण आहे, ते फार मोठे आहे, आणि टर्टुलियनच्या पत्राचा काळ विद्वान याच ग्रहणावरून ठरवतात. सूर्य सिंहेत सुमारे २० अंशांच्या पुढे आहे. राशी सायन घ्यावी की निरयन, हा आपला नेहमीचा वाद येथे उद्भवतच नाही, कारण चित्रापक्षीय अयनांश, म्हणजे या दोन मोजण्यांतला फरक, इ.स. २८५ च्या सुमारास शून्य होते आणि २१२ मध्ये दोन्ही मोजण्यांत जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. म्हणजे टर्टुलियनचे स्वगृह बरोबर आहे, आणि उच्च मात्र राशीच्या अर्थाने चुकले आहे. ऑगस्टमध्ये सूर्य मेषेत असणे शक्य नाही. राहिला त्याचा मुख्य दावा, की हे नेहमीचे ग्रहण नव्हते. पडद्यावर अमावास्येचा चंद्र निमूटपणे सूर्यबिंबावर सरकताना दिसतो, आणि त्यापेक्षा नेहमीचे दुसरे काही असू शकत नाही.

या एका प्रसंगासाठी हे सॉफ्टवेअर घेणे सार्थकी लागते असे मला वाटते, कारण येथे तीन गोष्टी एकाच वेळी उघड होतात. घटना खरी होती. तिचे शास्त्रीय वर्णन अर्धे बरोबर आणि अर्धे चुकीचे होते. आणि तिचा राजकीय उपयोग मात्र दोन्हींपासून स्वतंत्र होता. यातला विरोधाभासही पाहण्यासारखा आहे. दिदाखे या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात पक्ष्यांवरून शकुन पाहू नये आणि ज्योतिषाच्या नादी लागू नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. मूर्तिपूजेवरच्या आपल्या लेखात टर्टुलियनने स्वतः ज्योतिष्यांना धारेवर धरले आहे आणि ख्रिस्तजन्माचा तारा पाहून आलेल्या मागी लोकांची, म्हणजे पूर्वेकडच्या ज्योतिष्यांची, विद्या फक्त शुभवर्तमानापर्यंतच चालू दिली होती असे म्हटले आहे. तोच लेखक सुभेदाराला घाबरवायचे असते तेव्हा ज्योतिष्याची परिभाषा उसनी घेतो. त्याला धोका ठाऊक नव्हता असेही नाही. इ.स. ११ मध्ये ऑगस्टस बादशहाने कोणाच्याही मृत्यूविषयी ज्योतिष्याला विचारण्यावर बंदी घातली होती, आणि बादशहाच्या आयुष्याची चौकशी कोण करील, तर त्याच्या जिवावर उठलेलाच, हे वाक्य टर्टुलियनच्याच दुसऱ्या ग्रंथात येते.

बेथलेहेमच्या ताऱ्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यासाठी स्टेलॅरियम वापरणारे हजारो आहेत. इ.स.पू. ७ मध्ये, म्हणजे उणे ६ मध्ये, गुरू आणि शनी मीन राशीत तीन वेळा एकमेकांजवळ येतात: मेच्या अखेरीस, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला. केप्लरने १७ व्या शतकाच्या आरंभी हे गणित मांडले होते. काळ पुढे-मागे ढकलत हा त्रिवार योग पडद्यावर पाहणे सुंदर आहे, पण कोनमापकाने अंतर मोजले की दोन्ही ग्रह सुमारे एक अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुप्पट, दूरच राहतात, आणि ही कथा सांगणारा शुभवर्तमानकार मत्तय तर एका ताऱ्याविषयी बोलतो. मायकेल मोल्नार या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १९९९ साली वेगळा मार्ग सुचवला: मेष ही यहूदीयाची रास, आणि १७ एप्रिल इ.स.पू. ६ रोजी चंद्राने गुरूला झाकले, हाच ज्योतिष्यांना कळलेला राजजन्माचा योग. सॉफ्टवेअर हे पिधान दाखवते, पण ते दिवसाढवळ्या होते आणि ए कळ दाबून वातावरण काढल्याशिवाय दिसत नाही. मागींनी ते गणिताने जाणले असेल असे म्हणता येते. पाहिले असे म्हणता येत नाही. हेरोदाच्या मृत्यूआधीचे चंद्रग्रहण मात्र ठीक जुळते. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याने उल्लेखिलेले हे ग्रहण बहुतेक अभ्यासक १३ मार्च इ.स.पू. ४ चे मानतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये ते मध्यरात्रीनंतरचे खंडग्रास ग्रहण म्हणून दिसते. इ.स.पू. १ च्या १० जानेवारीचे खग्रास ग्रहण पसंत करणारे लोकही आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात, निवड मात्र योसेफसच्या कथनातूनच करावी लागते.

या भागात एक खरी मर्यादा लक्षात ठेवावी. पडद्यावर दिसणाऱ्या तारकासमूहांच्या सीमा १९३० साली आंतरराष्ट्रीय खगोल संघातर्फे प्रसिद्ध झालेल्या आहेत, आणि जुन्या ज्योतिष्यांच्या राशी ३० अंशांच्या सारख्या भागांच्या होत्या. ग्रहाच्या नावाशेजारी दिसणाऱ्या तारकासमूहाला रास समजून कोणी मोल्नारची किंवा टर्टुलियनची परीक्षा घेतली तर ती चुकेल. क्रांतिवृत्तावरचे, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गावर मोजलेले, भोगांश वाचावेत.

ख्रिस्ताला सुळावर चढवण्याच्या दिवशी पडल्याचे सांगितले जाते तो अंधार हे सॉफ्टवेअर क्षणात निकाली काढते, आणि तो निकाल सुमारे १८०० वर्षे जुना आहे. ती घटना ज्या वेळची, तो यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेला येतो आणि पौर्णिमेला सूर्यग्रहण होऊ शकत नाही, ही हरकत ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती इतिहासकारानेच इ.स. २२१ च्या सुमारास घेतली होती. थॅलस नावाच्या लेखकाने त्या अंधाराला ग्रहण म्हटले, ते त्याला पटले नव्हते. फ्लेगॉन या ग्रीक लेखकाने नोंदलेले, आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनियाचे मोठे ग्रहण २४ नोव्हेंबर २९ या तारखेला सापडते, म्हणजे ते ना वल्हांडणाच्या महिन्यात बसते ना पौर्णिमेला. ३ एप्रिल ३३ रोजी यरुशलेमेत चंद्र ग्रस्त उगवतो हे खरे आहे आणि ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याच्या बायबलमधल्या भाषणातल्या रक्तवर्ण चंद्राशी काही अभ्यासकांनी ते जोडले आहे, पण पडद्यावर चंद्र क्षितिजावर येतो तेव्हा ग्रहण संपत आलेले असते. लाली दिसली असेल का, यावर मी पैज लावणार नाही.

सॉफ्टवेअरची दुसरी बाजू, म्हणजे जेथे ते हतबल होते ती, यरुशलेमेच्या पाडावाच्या शकुनांत दिसते. इ.स. ७० मध्ये रोमनांच्या हल्ल्यात तेथले यहुदी मंदिर जळाले. त्याआधी नगरावर तलवारीच्या आकाराचा तारा उभा राहिला आणि वर्षभर टिकणारा धूमकेतू दिसला, असे योसेफस लिहितो. त्याच यादीत वेदीभोवतीचा रात्रीचा उजेड, वीस माणसांनी लोटावा लागणारा पितळी दरवाजा आपोआप उघडणे आणि सूर्यास्तापूर्वी ढगांतून धावणारे रथही आहेत. हॅलेचा धूमकेतू इ.स. ६६ च्या जानेवारीअखेर सूर्याजवळून गेला, म्हणून तलवार म्हणजे हॅले असे समीकरण मांडले जाते. येथे स्टेलॅरियमवर डोळे झाकून विसंबू नये. या धूमकेतूची कक्षा ग्रहांच्या ओढीने दर फेरीला थोडी बदलते आणि ६६ पासून १९८६ पर्यंत २५ फेऱ्या झाल्या आहेत. १९८६ ची कक्षीय मूल्ये घेऊन तेवढे मागे गेल्यास धूमकेतू भलत्याच जागी दिसेल. येओमन्स आणि किआंग यांनी १९८१ मध्ये प्राचीन फेऱ्यांसाठी काढलेली मूल्ये सौरमालेच्या संपादकातून हाताने भरावी लागतात. ते केल्यावरही वर्षभर दिसणारा धूमकेतू मिळत नाही.

पण खरी मजा याच्या पुढे आहे, आणि तेथे पडदा बंद करून पुस्तक उघडावे लागते. योसेफस म्हणतो की लोकांना युद्धाला सर्वांत जास्त चिथावले ते एका संदिग्ध भविष्यवाणीने: याच देशातला कोणी जगाचा राजा होईल. लोकांनी ती आपल्या माणसाविषयी मानली. योसेफसच्या मते ती रोमन सेनापती वेस्पासियन याच्याविषयी होती, कारण तो यहूदीयात असतानाच बादशहा घोषित झाला. हे सांगणारा योसेफस त्याच बादशहाच्या आश्रयाला होता आणि पकडला गेला तेव्हा त्यानेच वेस्पासियनला राज्यपदाचे भविष्य सांगितले होते, हे विसरून चालणार नाही. अडीचशे वर्षांनंतर कैसरियाचा बिशप युसेबियस आपल्या चर्चच्या इतिहासात ही सारी यादी योसेफसच्या शब्दांत उतरवून घेतो, तलवारीसकट आणि रथांसकट, आणि फक्त शेवटचे उत्तर बदलतो. वेस्पासियनने सारे जग नव्हे, रोमच्या ताब्यातला भागच राखला. म्हणून भविष्यवाणी ख्रिस्ताची, आणि पुराव्यादाखल बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचे दुसरे स्तोत्र. तेच शकुन, तोच पाठ, राजा मात्र दुसरा. याच युसेबियसने रोमविरुद्ध उठलेला यहुदी पुढारी बार कोखबा याच्या बंडाची हकीकत दिली आहे. बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकातला याकोबातून उगवणारा तारा रब्बी अकिबाने त्या पुढाऱ्यात पाहिला असे यहुदी परंपरा सांगते, जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकाने तो ख्रिस्तात पाहिला, आणि इ.स. १३५ मध्ये बंड मोडल्यावर युसेबियसने त्या पुढाऱ्याला स्वर्गातून उतरलेला दिवा असल्याचा आव आणणारा लुटारू ठरवले. ज्याच्यासाठी हे सारे झगडले तो तारा कोणत्याही तारांगणात नाही.

चौथ्या शतकात शकुन सरळ राजदरबारी येतात आणि सॉफ्टवेअरचे काम संपते. इ.स. ३१२ मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनला सूर्यावर प्रकाशाचा क्रूस दिसला असे युसेबियस सांगतो, आणि ते बादशहानेच शपथेवर सांगितल्याचे नमूद करतो. लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाच्या आणखी जुन्या हकिकतीत मात्र ते लढाईच्या आदल्या रात्रीचे स्वप्न आहे. जर्मन इतिहासकार पेटर वाइस यांनी ते सूर्याभोवतीचे खळे असावे असे मांडले. स्टेलॅरियम खळी काढत नाही, ढगही नाहीत. ते ग्रहांचे गणित जाणते, हवेतल्या बर्फस्फटिकांचे नाही. ७ मे ३५१ रोजी यरुशलेमेत गोलगोथापासून जैतुनाच्या डोंगरापर्यंत पसरलेला उजेडाचा क्रूस दिसल्याचे बिशप सिरिल याने बादशहा कॉन्स्टँशियसला पत्राने कळवले, आणि तुमचे वडील कॉन्स्टंटाइन यांच्या काळी क्रूसाचे लाकूड जमिनीत सापडले, तुमच्या काळी क्रूस आकाशात दिसला, असे त्यात गोड शब्दांत बसवले. त्या वर्षी कॉन्स्टँशियस मॅग्नेंटियस या बंडखोराशी लढत होता. मी तारीख घातली, सकाळची वेळ लावली. पडद्यावर निरभ्र आकाशात सूर्य वर येत होता, एवढेच.

या सॉफ्टवेअरचा गैरवापर कसा होतो हेही सांगितले पाहिजे. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायातली सूर्य पांघरलेली, पायांखाली चंद्र आणि डोक्यावर बारा तारे असलेली स्त्री २३ सप्टेंबर २०१७ च्या आकाशात कन्या राशीत अवतरणार, असे सांगणारे व्हिडिओ तारांगणाच्या पडद्यावरून तयार केले गेले, आणि जगबुडीचे भविष्य त्यांतून फिरले. हे तपासायला पाच मिनिटे लागतात. कोणतेही वर्ष घ्या: सूर्य कन्येत असताना येणाऱ्या अमावास्येनंतर थोड्याच दिवसांत चंद्र कन्येच्या पायांशी येतोच. उरलेल्या बारा ताऱ्यांसाठी सिंहेतले नऊ तारे मोजायचे आणि तीन ग्रह त्यांत घालायचे, एवढी मोकळीक दिली तर बरेच काही जुळते.

या कामासाठी मी संगणकावरची आवृत्ती घ्यायला सांगेन. जुन्या तारखा, दुरुस्तीची सूत्रे आणि धूमकेतूंची मूल्ये यांवर तेथे जी पकड मिळते ती फोनच्या लहान पडद्यावर मिळत नाही. एफ-१० वर उघडणाऱ्या गणिताच्या चौकटीत ग्रहणांची यादी एका वेळी अनेक वर्षांची काढता येते, आणि माझा सर्वाधिक वेळ तेथेच गेला. ग्रह पाहायचे असतील तर मानक गणित पुरेसे आहे, मात्र ते गुरू आणि शनीसाठी इ.स. २००० च्या मागे-पुढे सुमारे दोन हजार वर्षांपर्यंतच पूर्ण अचूकतेचा दावा करते, म्हणून हेरोदाच्या काळासाठी नासाच्या जेपीएलची पंचांग-फाइल वेगळी उतरवून घ्यावी. ती मोठी आहे, रात्री लावून ठेवलेली बरी. उटिकाचे अक्षांश-रेखांश ठिकाणांच्या यादीत जतन करून ठेवा, कारण पुढची ग्रहणे शोधताना ते पुन्हा लागतात.